मंचामागची उमेदवारी

शास्त्रीय संगीताच्या महोत्सवात व्यवस्थापन शिकायला आलेल्या उमेदवाराच्या हाती लवकरच एक तक्ता येतो. कलाकाराचे नाव, पट्टी, तानपुरे किती, साथीला हार्मोनियम की सारंगी, माइक किती आणि शेवटच्या रकान्यात वेळ. बाकीचे सगळे रकाने याच शेवटच्या रकान्याच्या दावणीला बांधलेले असतात.

पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव हे याचे ठळक उदाहरण. सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, १९५२ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. आयोजन आर्य संगीत प्रसारक मंडळाचे. भीमसेनजींच्या निधनानंतर, म्हणजे २०११ नंतर, त्यांचेही नाव महोत्सवाला जोडले गेले. रमणबाग शाळेचे मैदान हे अनेक वर्षांचे ठिकाण. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरू लागला.

पूर्वी मैफली रात्रभर चालत. एखादा गायक रंगला आणि तासभर जास्त गायला, तर पुढचा तासभर उशिरा बसे. पहाट तर व्हायचीच होती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ही चैन संपवली. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण वर्षातून फार तर १५ दिवस. त्यामुळे सत्रे दुपारी सुरू होऊ लागली. भीमपलास, मुलतानीला हक्काची वेळ मिळाली, मालकंस, दरबारी कडेला सरकले आणि ललत ऐकायचा तर सकाळचे वेगळे सत्र हवे, अशी स्थिती आली. कोणाला कोणत्या वेळी बसवायचे, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ मानापमानाचा नसतो. तोही असतोच.

उमेदवाराची खरी परीक्षा दोन मैफलींच्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत होते. आधीचा गायक काळी एकचा, पुढची गायिका काळी चारची. म्हणजे तानपुरे दुसरे आणि तबलाही दुसरा. ते ग्रीन रूममध्ये आधीच मिळवून ठेवावे लागतात. पण डिसेंबरच्या गारठ्यातून मंचावरच्या दिव्यांच्या उबेत आले की तारा पुन्हा उतरतात, तबल्याची शाई-चाट वेगळेच बोलू लागते. मग मंचावर पुन्हा मिळवामिळव. या मिनिटांत कलाकाराला घाई करणे म्हणजे मैफल बिघडवणे, आणि नुसते बघत राहणे म्हणजे शेवटच्या कलाकाराचा वेळ खाणे. जाणता उमेदवार निवेदकाला हळूच दोन वाक्ये वाढवायला सांगतो आणि ध्वनियोजकाला तक्ता दाखवून माइक आधीच लावून घेतो. मैफल संपत आल्याची खूण विंगेतून द्यायची, तीही अशी की गायकाला कळावी आणि श्रोत्याला कळू नये. हे कोणत्याही पुस्तकात सापडणे कठीण.

मंचाबाहेरचे काम त्यामानाने रुक्ष. पोलीस परवानगी, अग्निशमनाची व्यवस्था, सीझन तिकिटे, खुर्च्या आणि भारतीय बैठक यांची आखणी, खाद्यपदार्थांचे स्टॉल मंचापासून किती लांब ठेवायचे याचा निर्णय. विलंबितातल्या एखाद्या हळव्या जागी तळणीचा वास मधे आला, तर दोष आयोजकांकडेच जातो.

या कामात शिरण्याची वाट बहुतेकदा स्वयंसेवकाच्या बिल्ल्यातून जाते. १९७७ मध्ये किरण सेठ यांनी सुरू केलेल्या स्पिक मॅके चळवळीत तर महाविद्यालयीन विद्यार्थीच कार्यक्रम उभे करतात: कलाकाराला स्थानकावरून आणण्यापासून सभागृहात सतरंज्या घालण्यापर्यंत. तिथे पद लहान असते आणि जबाबदारी मोठी, म्हणून शिकणे झपाट्याने होते. मोठ्या महोत्सवात उलट. उमेदवाराला एकच कोपरा मिळतो, पण त्या कोपऱ्यातून अनुभवी माणसे कशी वागतात ते दिसते.

शेवटची भैरवी झाली, मांडव उतरू लागला, तरी उमेदवारी संपत नाही. कलाकारांचे मानधन, त्यातून कापलेला कर, प्रवासाची बिले, प्रायोजकांना द्यायचा अहवाल आणि भाड्याने आणलेल्या सतरंज्यांची मोजदाद एवढे उरतेच.