काठावरची साखर आणि हृदयाच्या नसा

उपाशीपोटी रक्तातील साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर त्या अवस्थेला पूर्वमधुमेह म्हणतात. बोलीभाषेत हीच ‘बॉर्डरलाइन शुगर’. या टप्प्यावर सहसा काहीच त्रास जाणवत नाही. पण हृदयाचा वेग सांभाळणाऱ्या नसांचे काम तेव्हापासूनच बिघडू शकते.

हृदयाचा वेग सिम्पथेटिक नसा वाढवतात आणि व्हेगस नस आवरते. म्हणून निरोगी माणसाचे ठोके श्वास घेताना किंचित वाढतात व सोडताना मंदावतात. चढती साखर, चरबी आणि इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशी यांमुळे नसांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात. लांबलचक व्हेगसला त्याची झळ आधी लागते. ठोक्यांतला हा फरक घटतो, बसल्याजागीही नाडी जलद चालते. पुढे, बहुधा जुन्या मधुमेहात, उभे राहताच रक्तदाब कोसळतो, तर काहींना छातीत न दुखताच हृदयविकाराचा झटका येतो. लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाबही याच नसांना इजा करतात, त्यामुळे सगळा दोष एकट्या साखरेचा नसतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील १५.३ टक्के प्रौढांना पूर्वमधुमेह आढळला. सडपातळ दिसणारेही त्यातून सुटत नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३ होता, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के भरली. ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनारपट्टीवर ताटात भात आणि तांदळाची भाकरी मुख्य असते. ताजी मासळी साखर चढवत नाही. भाताचा ढीग चढवतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत समुद्रावरचे कष्ट थांबतात, पण ताटातला भात तेवढाच राहिला तर साखर आणि वजन वाढायला वाव मिळतो. खारवलेल्या मासळीतील मीठ रक्तदाबात भर घालते.

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात साखर व रक्तदाब तपासून घेता येतो. साखर काठावर असून उभे राहताना चक्कर येत असेल किंवा नाडी सतत जलद असेल, तर डॉक्टर झोपून व उभे राहून रक्तदाब मोजतात. तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा अधिक उतरणे असामान्य होय. मिनिटाला सहा दीर्घ श्वास घेत ईसीजी काढला की व्हेगसचे काम कळते.

अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात सुमारे ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम या उद्दिष्टांमुळे मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. ही उद्दिष्टे दिलेल्या गटातील लोकांच्या ठोक्यांतला चढउतारही सुधारला. भात निम्मा, भाजी-डाळ-मासळी जास्त, रोज अर्धा तास झपझप चालणे, तंबाखू बंद आणि वर्षातून एकदा तपासणी, एवढे या टप्प्यावर हाताशी आहे.