पाय आधी, जमीन मागाहून

श्रोतेहो, मृगाचा पाऊस पडला, की डबक्यात बेडूकमाशांची झुंबड उडते. काही आठवड्यांत त्यांना पाय फुटतात, शेपटी जिरते आणि बेडूक टुणकन बांधावर येतो. मुले गुरुजींना विचारतात, "मासाही असाच जमिनीवर आला का हो?"

आला खरा, पण एका जन्मात नव्हे. लाखो पिढ्या लागल्या. आणि गंमत अशी, की पाय आधी आले, चालणे मागाहून. कॅनडाच्या उत्तरेस एल्समिअर बेटावर २००४ साली टिक्टालिकचे जीवाश्म सापडले. वय सुमारे साडेसदतीस कोटी वर्षे. अंगावर माशाचे खवले, पण मान मोकळी आणि परांत दंडाची, मनगटाची हाडे! उथळ पाण्यात तळाला रेटा द्यायला असे पर कामी येत. ज्यांचे पर बळकट ते अधिक तगले, त्यांचीच पिल्ले वाढली. कुणी ठरवून पाय काढले नाहीत.

गुरुजी, मुलांना स्वतःचा हात चाचपायला सांगा. दंडात एक हाड, कोपरापुढे दोन, मग मनगटाची बारीक हाडे नि बोटे. कोंबडीच्या पंखात, वटवाघळातही कमीजास्त फरकाने हाच आराखडा आहे.

सरड्या-कोंबड्यांची अंडी कवचात आपले पाणी घेऊनच येतात. बेडकाची अंडी मात्र उघडी, कातडी ओली. पाण्यातले विष त्यातून थेट अंगात भिनते. तेव्हा शेतकरी बंधूंनो, फवारणीचा पंप डबक्यात धुऊ नका. पिकावरचे किडे खाणारा हा जुना सोबती तिथेच वाढतो आहे.