छप्पर पुन्हा घालताना

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कौलारू घरंही उघडी पडली आणि पत्र्याचीही. दोन्हींची दुरुस्ती मात्र सारखी नाही. मंगलोरी कौल फुटलं तर तेवढंच बदलता येतं, शिवाय घर उन्हाळ्यात गार राहतं. पण आधी वासे तपासा. वाळवीनं पोखरलेल्या किंवा भिजून कुजलेल्या वाशावर नवी रीप ठोकणं म्हणजे पैसे पाण्यात. कडेच्या ओळीतली कौलं तारेनं रिपेला बांधून घ्यावीत, आढ्यावरची सिमेंटमध्ये पक्की बसवावीत. वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त तिथेच असते.

लोखंडी पत्रा हलका आणि झटपट बसणारा; पण तापतो, खाऱ्या हवेत गंजतो आणि वादळात सुटला की माणसाच्या जिवावर उठतो. गंजलेले हूक पुन्हा वापरू नयेत.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्याच्या धुळीनं फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून फुटलेले तुकडे कोरडे झाडू नका; पाणी मारून ओलेच उचला. असा पत्रा माणसाच्या वजनानं अचानक फुटतो, त्यावर थेट पाय देऊ नका.