शंकरपटाची गाडी

वऱ्हाडात बैलजोड्यांच्या सरळ व आखूड धावेच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. तीत जुंपली जाणारी ही अत्यंत हलकी दुचाकी गाडी होय. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट विशेष प्रसिद्ध आहे. धाव काही सेकंदांचीच असल्याने सुटतानाची पकड निर्णायक ठरते.

मोटारींच्या अशाच सरळ, पाव मैलाच्या (सु. ४०२ मी.) शर्यतीत ओढ चाकांतून मिळते. मोटार सुटताच भार मागे सरकतो. मागील चाके चालक असल्यास तो भार त्यांवर नीट पडून टायर घसरू नयेत, अशा बेताने कमानी व धक्काशोषक निवडतात. पटाच्या गाडीची चाके मात्र नुसती फिरतात. जमीन धरतात ते बैलांचे खूर. म्हणून तिला कमानी बसवून पकड वाढत नाही, वजन तेवढे वाढते. येथे खरा प्रश्न भाराच्या तोलाचा असतो. धुरकरी आसाच्या फार पुढे बसल्यास जू मानेवर दाबते. फार मागे गेल्यास ते उचलले जाऊन गळ्याखालचे पट्टे आवळतात. मानेवरील थोड्या भाराने खुरांची पकड वाढते हे खरे. पण कमानीला जखम होत नाही, मानेला होते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली व महाराष्ट्राची कायदादुरुस्ती १८ मे २०२३ रोजी वैध ठरली. चाबूक व काठी यांना नियमांनी मनाई असल्याने गाडीचा हलकेपणा व तोल यांचे महत्त्व वाढले आहे.