लीफलेट: तक्त्यातल्या ओळीला जागा देणारे यंत्र

एक्सेलच्या तक्त्यात प्रत्येक ओळ स्वतःपुरती असते. गावाचे नाव, विहिरीची खोली, पाणी कोणत्या महिन्यात आटले, शेवटी अक्षांश आणि रेखांश. अशा शेकडो ओळी वरून खाली वाचत गेले, तरी एका ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या विहिरी एकाच महिन्यात आटतात हे लक्षात येणे अवघड. तक्त्यात गावे अक्षरांच्या क्रमाने लावलेली असतात; कोण कोणाच्या शेजारी आहे हे तो सांगत नाही. त्याच ओळी नकाशावर ठिपके होऊन बसल्या की शेजार दिसतो. आणि ठिपक्यावर क्लिक करताच मूळ ओळ जशीच्या तशी उघडली, तर त्या गावचा माणूस म्हणू शकतो, ‘आमच्या विहिरीची खोली चुकली आहे.’ छापील नकाशाला असा प्रश्न ठिपक्यागणिक विचारता येत नव्हता. क्लिक करता येणाऱ्या नकाशाचे मोठेपण मला इथे दिसते.

हे काम जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांवर ज्या छोट्या साधनाच्या जोरावर चालते, त्याचे नाव लीफलेट. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली ही लायब्ररी जेमतेम 42 केबीची आहे. मोबाइलवर काढलेला साधा फोटो तिच्या कित्येक पट मोठा असतो. युक्रेनची राजधानी कीव्हमधले प्रोग्रॅमर व्होलोदिमिर अगाफोनकिन यांनी ती लिहिली आणि 2011च्या मे महिन्यात सर्वांसाठी खुली केली. त्या वेळी ते क्लाउडमेड या नकाशाच्या कंपनीत काम करत होते. (ते संगीतकारही आहेत, ‘ओबिय्मी दोश्चु’ हा त्यांचा रॉक बँड.) सगळे काही करून दाखवण्याचा हट्ट लीफलेटने कधी धरला नाही. नकाशा सरकवणे, जवळ-लांब करणे, खुणा ठेवणे, खुणेवर क्लिक केल्यावर चौकट उघडणे, एवढे चोख करायचे. बाकीचे ज्याला हवे त्याने प्लगइन म्हणून जोडून घ्यावे. या संयमामुळेच ती स्वस्तातल्या फोनवर, मंद नेटवर्कवरही चालते.

यादीतून नकाशा करण्याची हौस मात्र लीफलेटच्या आधीची. गुगल मॅप्स फेब्रुवारी 2005मध्ये आले. काही आठवड्यांतच पॉल रॅडमाकर यांनी क्रेग्जलिस्ट या संकेतस्थळावरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती त्या नकाशावर बसवल्या आणि त्याला हाउसिंगमॅप्स असे नाव दिले. पाठोपाठ शिकागोत एड्रियन होलोव्हाटी या पत्रकार-प्रोग्रॅमरने पोलिसांच्या गुन्ह्यांच्या नोंदी रस्त्यारस्त्यावर मांडल्या. दोघांनीही गुगलची परवानगी घेतलेली नव्हती; नकाशाचा कोड उलगडून त्यांनी हे साधले. गुगलने त्यांना अडवले नाही, उलट जून 2005मध्ये बाहेरच्यांसाठी अधिकृत दार उघडले. पण ते दार गुगलचे होते. पुढे मोठ्या वापरासाठी शुल्क लागू झाले, तसे अनेकजण पर्याय शोधू लागले. स्टीव्ह कोस्ट यांनी 2004मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप तोवर बाळसे धरत होता. लोकांनी मिळून काढलेला हा नकाशा आणि तो ब्राउझरमध्ये दाखवणारे लीफलेट यांची जोडी जमली. 2012मध्ये फोरस्क्वेअरसारखी कंपनी गुगलचा नकाशा सोडून या वाटेला आली.

यंत्र आतून कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. पडद्यावर अखंड दिसणारा नकाशा खरे तर 256 गुणिले 256 पिक्सेलच्या चौकोनी चित्रांचा असतो. त्यांना टाइल म्हणतात. झूम शून्यावर सगळी पृथ्वी एका टाइलमध्ये मावते. एक पायरी जवळ गेलो की तिच्या चार होतात, पुढच्या पायरीला सोळा. अठराव्या पायरीला, जिथे गल्लीतली घरे दिसू लागतात, तिथे सगळ्या पृथ्वीच्या मिळून सुमारे 6,872 कोटी टाइली होतात. ब्राउझर त्यातल्या फक्त पडद्यापुरत्या मागवतो. या चित्रांच्या वर लीफलेट एक पारदर्शक थर धरते आणि त्यावर तुमच्या तक्त्यातल्या ओळी ठेवते. अक्षांश-रेखांशाचे पिक्सेलमध्ये रूपांतर करायचे, खूण मांडायची, तिच्याशी ओळीतला मजकूर बांधून ठेवायचा आणि क्लिक झाले की तो उघडायचा. खुणा हजारोंनी असतील तर जवळजवळच्या खुणांचा गट करून वर आकडा दाखवणारे प्लगइन आहे. जवळ गेलो की गट सुटत जातो.

नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोन नावे असतात: लीफलेट आणि ओपनस्ट्रीटमॅप. दुसरे नाव देणे परवान्याची अट आहे, ते काढू नये. रशियाने फेब्रुवारी 2022मध्ये युक्रेनवर चढाई केल्यानंतर, एप्रिलमध्ये निघालेल्या 1.8 आवृत्तीपासून पहिल्या नावाशेजारी निळ्या-पिवळ्या रंगाचा चिमुकला झेंडा आला.

इथवर यंत्राची बाजू झाली. ती सोपी आहे, चार-पाच ओळींच्या कोडमध्ये रिकामा नकाशा उभा राहतो. खरी मेहनत तक्त्याची, आणि ती नकाशा सुरू होण्याआधी करावी लागते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे उलटापालट. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, मग रेखांश. जिओजेसन या फाइल-प्रकाराचे 2016चे मानक आधी रेखांश मागते. पुण्याचे आकडे 18.52 आणि 73.86. क्रम चुकला की पुणे थेट नॉर्वेच्या उत्तरेला, ब्यॉर्नोया बेटाच्या दक्षिणेकडच्या थंडगार समुद्रात जाऊन पडते. रकाना रिकामा राहिला आणि कोडने तो शून्य धरला, तर खूण आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, विषुववृत्तावर उगवते. या चुका निदान डोळ्यांवर येतात. जुन्या कागदपत्रांतले 18 अंश 31 मिनिटे कोणी 18.31 असे भरले, तर ती चूक लपते: पुण्याची खूण सुमारे 23 किलोमीटर दक्षिणेला, खेड शिवापूरच्या आसपास जाते आणि नकाशा तरीही खराच वाटतो. महाराष्ट्राचा अक्षांश साधारण 15.6 ते 22.1 आणि रेखांश 72.6 ते 80.9 यांच्यात असतो. या चौकटीबाहेरची ओळ एक्सेलमध्येच लाल करून घेतली की अर्धे दुखणे तिथेच संपते. उरलेले अर्धे ओळीओळीने पाहावे लागते.

अक्षांश-रेखांश नसतील, नुसती गावाची नावे असतील, तर कठीणपणा वाढतो. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. औंध पुण्यात आहे आणि साताऱ्याच्या खटाव तालुक्यातही. नावावरून जागा शोधणारी सेवा यातले एक निवडते, आणि ते आपले असेलच असे नाही. म्हणून नावाबरोबर तालुका, जिल्हा आणि शक्य असेल तर जनगणनेचा गाव-संकेतांक, असे रकाने हवेतच.

एक्सेलही आपल्या परीने घोळ घालते. सर्व्हे नंबर 12/3 टाइप केला की तो 12 मार्च होतो. सातबाऱ्याचा ‘7/12’ लिहायला गेलात तर तारीख मिळते. त्या रकान्याला आधीच ‘टेक्स्ट’ ठरवले नाही, तर मूळ आकडा परत मिळवणे जिकिरीचे. मराठी मजकुराची आणखी एक जुनी पीडा आहे. युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले तक्ते अजून अनेक कार्यालयांत आहेत. ते ब्राउझरमध्ये उघडले की गावांची नावे रोमन अक्षरांचा गुंता होऊन दिसतात. आधी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर, मग तक्ता सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जतन करताना ‘यूटीएफ-8’ हा पर्याय, हे दोन्ही केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ठिपक्यांऐवजी जिल्हे रंगवायचे असतील तर तक्त्यातले नाव आणि सीमेच्या फाइलमधले नाव तंतोतंत जुळावे लागते. 2011च्या जनगणनेत बीडचे इंग्रजी स्पेलिंग एका ‘आय’ने आहे, इतरत्र दोन ‘ई’ने. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. जुन्या तक्त्यांत जुनी नावे आहेत आणि राहणार. याहून अवघड प्रश्न पालघरचा. हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. 2011ला ठाण्याची लोकसंख्या 1 कोटी 10 लाखांवर होती, देशातल्या कोणत्याही जिल्ह्याहून जास्त. तो आकडा आजच्या सीमांवर टाकला तर दोन जिल्ह्यांची माणसे एकट्या ठाण्याच्या खाती जमा होतात आणि पालघर कोरे पडते. ज्याला पालघरच्या आदिवासी पाड्यांविषयी काही मांडायचे आहे, त्याच्यासाठी हा कोरा तुकडा फार महाग पडतो. तिथे तालुक्यांचे आकडे घेऊन नव्याने बेरीज करण्यावाचून गत्यंतर नाही.

रंगवलेला नकाशा नीट जुळूनही फसवू शकतो. गडचिरोलीचे क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर, मुंबई शहर जिल्ह्याचे 157. लोकसंख्या मात्र 2011ला मुंबई शहराची गडचिरोलीच्या जवळपास तिप्पट होती. डोळा मोठ्या रंगाकडे जातो आणि माणसे जिथे दाटीने राहतात तो जिल्हा पडद्यावर टिंबाएवढा उरतो. निव्वळ संख्या कधीच रंगवू नये. दर हजारी किंवा दर चौरस किलोमीटर प्रमाण काढावे आणि मूळ संख्या क्लिकवर उघडणाऱ्या चौकटीत द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

कोड न येणाऱ्यांसाठीही वाट आहे. अमेरिकेतल्या ट्रिनिटी कॉलेजशी संबंधित जॅक डॉगर्टी आणि इल्या इलियान्को यांनी लीफलेटला गुगल शीट जोडणारा साचा मोफत दिला आहे. शीटमध्ये ओळ वाढवली की नकाशावर खूण वाढते. शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकाला किंवा गावच्या पाणी समितीला एवढे पुरेसे आहे. फ्रान्समधल्या ओपनस्ट्रीटमॅप कार्यकर्त्यांचे ‘यूमॅप’ आणखी सोपे: तक्ता चिकटवा, नकाशा तयार. तेही आत लीफलेटच वापरते.

सोय आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र गुगल फ्यूजन टेबल्सने दाखवले. 2009मध्ये आलेल्या या सेवेत तक्ता चढवला की नकाशा आपोआप मिळे. ब्रिटनमधल्या ‘गार्डियन’ या दैनिकाने 2010मध्ये इराक युद्धातल्या मृत्यूंच्या नोंदी याच साधनाने नकाशावर मांडल्या, प्रत्येक ठिपका एक नोंद होता आणि क्लिक केल्यावर ती उघडत होती. 3 डिसेंबर 2019 रोजी गुगलने सेवा बंद केली आणि तिच्यावर उभे असलेले नकाशे मावळले. ज्यांनी आपले तक्ते आधीच उतरवून ठेवले होते, त्यांना ते दुसऱ्या साधनात पुन्हा उभे करता आले. लीफलेटमध्ये नकाशाचे पान, लायब्ररी आणि सीएसव्ही या तिन्ही फायली आपल्याच हातात राहतात. टाइली देणारे ठिकाण उद्या बंद पडले, तर कोडमधला एक पत्ता बदलून दुसरे जोडता येते. म्हणून नकाशाशेजारीच मूळ सीएसव्ही उतरवून घेण्याची सोय ठेवावी, आणि नोंद कोणत्या तारखेला घेतली हा रकाना ठिपक्यावरच्या चौकटीत सगळ्यांत वर दाखवावा.