पकडले, पण कोणत्या कायद्याने?

अंबरनाथ-बदलापूरला समुद्रकिनारा नाही. तरीही अंबरनाथच्या नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीत युद्धनौकांना गंजापासून वाचवण्याचे काम चालते. नौकेच्या बुडाला बसवलेले जस्ताचे किंवा अॅल्युमिनियमचे ठोकळे स्वतः झिजतात, म्हणून पोलाद शाबूत राहते. एडनच्या आखातात महिनोन्महिने गस्त घालणाऱ्या नौकेमागे असे विज्ञान उभे असते. नौका सज्ज होत्या. पकडलेल्या चाच्यांचे काय करायचे हे सांगणारा कायदा मात्र आपल्याकडे फार उशिरा आला. गेल्या पंचवीस वर्षांकडे वळून पाहताना हीच गोष्ट सर्वाधिक खटकते.

1999 मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियाजवळ पळवले गेले. आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने अरबी समुद्रात पाठलाग करून ते पकडले. 2003 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना सात वर्षांची शिक्षा दिली. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. भारतीय दंडसंहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. खुल्या समुद्रात कोणतेही राष्ट्र चाच्यांचे जहाज पकडू शकते आणि आपल्या न्यायालयात त्यांच्यावर खटला चालवू शकते, असे संयुक्त राष्ट्रांचा 1982 चा सागरी करार सांगतो. भारताने तो 1995 मध्ये स्वीकारला होता. पण करार केवळ अधिकार देतो. गुन्ह्याची व्याख्या आणि शिक्षा प्रत्येक देशाला स्वतःच्या संसदेत ठरवावी लागते.

तोवर सोमालियाचा किनारा पेटला. 1991 मध्ये तिथले सरकार कोसळले. किनाऱ्यावर पहारा उरला नाही आणि परदेशी ट्रॉलरांनी तिथली मासळी लुटली. त्या अराजकातूनच खंडणीचा धंदा फोफावला. ऑक्टोबर 2008 पासून भारतीय नौदलाची एडनच्या आखातात गस्त सुरू झाली. 2011 च्या पहिल्या तीन महिन्यांतच नौदलाने चार कारवायांत 120 चाचे पकडून मुंबईत आणले. त्यांच्यावर खुनाचा प्रयत्न, अपहरण, शस्त्रास्त्र कायदा अशी मिळतील ती कलमे लावावी लागली. निकाल लागायला 2017 उजाडले.

या विलंबाची झळ आपल्याच खलाशांना बसली. ‘अॅस्फाल्ट व्हेंचर’ या जहाजाची खंडणी एप्रिल 2011 मध्ये मिळाली, तरी चाच्यांनी सात भारतीयांना सोडले नाही. भारताच्या कैदेतले आपले साथीदार आधी सोडा, अशी त्यांची अट होती. हे सात जण ऑक्टोबर 2014 मध्ये सुटले. साडेतीन वर्षे त्यांच्या घरच्यांनी काय काढले असेल, याची कल्पनाच करवत नाही.

दरम्यान जहाज कंपन्यांनी धोक्याचे क्षेत्र थेट भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत ताणले. जहाजांवर सशस्त्र रक्षक आले आणि फेब्रुवारी 2012 मध्ये केरळजवळ ‘एनरिका लेक्सी’वरच्या इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार ठार झाले. त्याच वर्षी चाचेगिरीविरोधी विधेयक लोकसभेत आले, पण लोकसभेची मुदत संपताच तेही बारगळले. 2019 मध्ये नवे विधेयक आले आणि अखेर डिसेंबर 2022 मध्ये संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा मंजूर केला. ‘अलोंड्रा रेनबो’नंतर तब्बल तेवीस वर्षांनी.

मार्च 2024 मध्ये त्याची कसोटी लागली. सोमालियाच्या चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजाला ‘आयएनएस कोलकाता’ने गाठले. चाच्यांनी नौदलाचा ड्रोन गोळ्या घालून पाडला. नौदलाने जहाजाचे सुकाणू निकामी केले आणि मार्कोस कमांडोंना सी-17 विमानातून समुद्रात उतरवले. चाळीस तासांनी 35 चाचे शरण आले. सतराही खलाशी सुखरूप सुटले. 23 मार्चला चाच्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. या वेळी गुन्ह्याला नाव होते आणि शिक्षाही: जन्मठेप, आणि कुणाचा जीव गेल्यास फाशीपर्यंत.

कायदा झाला, हे मोठे काम झाले. पण सहा-सहा वर्षे चालणारे खटले पुन्हा होता कामा नयेत. जगातल्या खलाशांत साधारण दहापैकी एक भारतीय आहे. ओलीस खलाशाच्या कुटुंबाला पगार, माहिती आणि आधार मिळण्याची जबाबदारीही कायद्यानेच कुणावर तरी टाकली पाहिजे. पुढचे जहाज पळवले जाण्याची वाट न पाहता हे आताच व्हायला हवे.