मोबाइल खेळांतील संभाषण आणि ब्लूटूथ प्रोफाइलची निवड

प्रस्तावना :
माहुली किल्ल्याच्या पायथ्यापासून माळशेज घाटापर्यंतच्या शहापूर-मुरबाड परिसरात खेळताना आवाज बिघडला की दोष रेंजला दिला जातो. तथापि अनेकदा तो मोबाइल व हेडसेट यांच्यातील ब्लूटूथ जोडणीत असतो. प्रोफाइल म्हणजे या जोडणीचे विशिष्ट कामासाठी ठरविलेले नियम होत.

विवेचन :
१) ए२डीपी : हे प्रोफाइल उत्तम स्टिरिओ आवाज मोबाइलकडून कानाकडे नेते. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या पावलांची दिशा कळते. मात्र हेडसेटच्या माइकचा आवाज सामान्यतः उलट दिशेने नेता येत नाही.

२) एचएफपी : हे दूरध्वनी संभाषणासाठी आहे. आवाज दोन्ही दिशांनी जातो. पण तो मोनो असतो आणि त्याचे नमुने सेकंदाला साधारणतः ८,००० किंवा १६,००० एवढेच घेतले जातात. संगीताच्या सीडीत हे प्रमाण ४४,१०० असते.

खेळात हेडसेटचा माइक सुरू होताच मोबाइल पहिल्या प्रोफाइलवरून दुसऱ्यावर जातो व पावलांची दिशा हरवते.

उपाय :
अँड्रॉइड मोबाइलच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या हेडसेटसाठी ‘मीडिया’ सुरू ठेवून ‘कॉल’ बंद करावा आणि बोलण्यासाठी मोबाइलचाच माइक वापरावा. तारेच्या इअरफोनमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या एलई ऑडिओ मानकात दोन्ही दिशांना चांगला आवाज शक्य आहे. परंतु मोबाइल व हेडसेट दोहोंत ती सोय हवी.

निष्कर्ष :
ऑनलाइन तासिकेतही हीच अदलाबदल घडते. म्हणून विद्यार्थ्यास महागडा हेडसेट सुचविण्यापूर्वी प्राध्यापकांनी प्रोफाइल तपासण्यास सांगावे.